प्रार्थनागृह ते मतदान केंद्र

३ डिसेंबर २०२३ हा रविवार होता आणि त्या दिवशी छत्तीसगढ विधानसभेची मतमोजणी होती. ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे त्याच रविवारी नाताळपूर्व आगमनकाळाचा आरंभ होत होता. मिझोराममध्ये रविवार हा उपासनेचा दिवस असल्याने मतमोजणी पुढे ढकलावी, अशी मागणी पक्षांनी आणि चर्चसंस्थांनी केली होती. निवडणूक आयोगाने ती मान्य करून तेथील मोजणी ४ डिसेंबरला ठेवली. छत्तीसगढमध्ये अशी मागणी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या १.९२ टक्के आहे. एवढ्या संख्येच्या बळावर कोणी तारखा बदलून मागत नाही.

माझे भिलाईतील शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार आहेत आणि एका लहान इव्हँजेलिकल मंडळीचे सभासद आहेत. त्या सकाळी ते नेहमीप्रमाणे उपासनेला गेले. दुपारी परतल्यावर त्यांनी सांगितले की, पास्टरांनी आज जो कोणी खुर्चीवर बसेल त्याच्यासाठी प्रार्थना केली. नाव कोणाचेच घेतले नाही. भिलाईनगर मतदारसंघाचा निकाल त्या दिवशी अवघ्या १,२६४ मतांनी लागला. इतक्या निसटत्या निकालानंतर अमुक समाजाने एकगठ्ठा मते टाकली, अशी चर्चा होणारच. तशी ती झाली. ती ऐकताना मला माझेच एक जुने वाक्य आठवले.

१९९८ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी मी अविभाजित मध्य प्रदेशात उपविभागीय अधिकारी होतो. संवेदनशील मतदान केंद्रांची यादी करताना एका ख्रिस्ती वस्तीपुढे मी शेरा लिहिला होता : ‘ही वस्ती पाद्रीच्या इशाऱ्यावर मतदान करते.’ मी त्या पाद्रींना कधी भेटलो नव्हतो. आधीच्या अधिकाऱ्याच्या टिपणीत तसे होते, म्हणून मीही तसे लिहिले. माझ्यानंतरच्या अधिकाऱ्याने बहुधा माझे वाक्य उतरवले असावे. सरकारी दफ्तरात एखादा समज अशा रीतीने पुराव्याचे रूप घेतो. सेवेत येण्यापूर्वी मी इतिहासाचा विद्यार्थी होतो. मूळ साधन न पाहता विधान करू नये, हा त्या विषयाचा पहिला धडा मी तेव्हा विसरलो होतो.

मूळ साधने पाहू लागले की, या प्रदेशातील प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाज एकजिनसी नसल्याचे दिसते. ऑस्कर लोर हे जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे धर्मोपदेशक १८६८ मध्ये बिसरामपूर येथे आले आणि त्यांनी मुख्यत्वे सतनामी समाजात काम सुरू केले. १८९९ मध्ये अमेरिकेतील मेनोनाइट धर्मोपदेशक दुष्काळाच्या छायेत धमतरीला पोहोचले. मेनोनाइट परंपरा शस्त्र आणि सत्ता या दोहोंपासून दूर राहणारी. भिलाईचा कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा देशभरातून कामगार आले. त्यांच्याबरोबर केरळचे मार थोमा, ऑर्थोडॉक्स व कॅथलिक, आंध्र-ओडिशाचे बाप्टिस्ट आणि जशपूरकडचे उरांव ख्रिस्ती आले. गेल्या काही दशकांत कॅम्प, खुर्सीपार, सुपेला या कामगार वस्त्यांत घराघरांतून भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थना सभांची त्यांत भर पडली. या सभांना जाणारे स्वतःला ‘विश्वासी’ म्हणवतात. टाऊनशिपमधील मल्याळी अभियंता आणि खुर्सीपारचा कंत्राटी मजूर एकच बायबल वाचतात. पण त्यांचे शिधापत्रिकेचे, रोजगाराचे आणि भीतीचे प्रश्न एक नाहीत.

मराठी वाचकांना या कथेतील नागपूरचा धागा जवळचा वाटेल. १९५६ पर्यंत छत्तीसगढचा कारभार नागपुरातून चालत असे. रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने १९५४ मध्ये मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि धर्मांतराच्या गैरमार्गांवर कायद्याने बंदी घालावी, असे त्याने सुचविले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली, तेव्हा धम्म स्वीकारणाऱ्यांत हेच न्यायमूर्ती नियोगी होते. दुसऱ्याच्या धर्मांतरात प्रलोभन शोधणाऱ्या माणसालाही स्वतःच्या धर्मांतरात विवेक दिसू शकतो. त्यात ढोंग असतेच असे नाही. ही मानवी दृष्टीची मर्यादा आहे. पुढे मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा केला. त्याविरुद्धचा रायपूरचे पाद्री स्टॅनिस्लॉस यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय १९७७ मध्ये झाला. छत्तीसगढला हा कायदा वारशाने मिळाला. महाराष्ट्र सरकारनेही अशाच कायद्याच्या अभ्यासासाठी २०२५ मध्ये समिती नेमली, म्हणून हा इतिहास केवळ शेजाऱ्याचा राहत नाही.

आता मूळ प्रश्न. श्रद्धा मत ठरवते का? निवृत्तीनंतर भिलाईत स्थायिक झाल्यावर अनेक विश्वासी कुटुंबांशी बोलताना मला तिचे परिणाम तीन ठिकाणी दिसले.

पहिला परिणाम कर्तव्यबुद्धीचा. राज्यकर्त्यांच्या अधीन राहावे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, ही बायबलच्या नव्या करारातील शिकवण या मंडळींत फार गांभीर्याने घेतली जाते. त्यामुळे मतदान टाळणे त्यांना अप्रशस्त वाटते. मात्र मत कोणाला द्यावे याचे उत्तर त्या शिकवणीत नाही. त्याच वचनातून एक जण सत्ताधाऱ्याला पाठिंबा देण्याचे कारण काढतो आणि दुसरा अन्यायी सत्ता शांतपणे मताने बदलण्याचे.

दुसरा परिणाम दारूविषयीचा. माझ्या शेजाऱ्यांच्या पत्नीने मला सांगितले, ‘‘साहेब, आमच्या सभेत बायका आधी दारूसाठी रडतात, मग देवासाठी.’’ नवऱ्याची दारू सुटली म्हणून प्रार्थना सभेत आलेली कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये काँग्रेसने दारूबंदीचे आश्वासन दिले. पाच वर्षांत ते पूर्ण झाले नाही. त्याचा राग या स्त्रियांत होता, पण तो केवळ त्यांच्यात नव्हता. सतनाम पंथ आणि कबीर पंथ यांची शिकवणही मद्यविरोधी आहे. शंकर गुहा नियोगी यांनी दल्लीराजहराच्या खाणकामगारांत केलेल्या चळवळीचा एक मोठा भाग दारूमुक्तीचा होता. चंद्रपूरच्या स्त्रियांनी दारूबंदीसाठी दिलेला लढा मराठी वाचक जाणतातच. म्हणजे जे मत वरून धार्मिक दिसते, ते पुष्कळदा घरातल्या रिकाम्या डब्याचे मत असते. श्रद्धा त्या वेदनेला शब्द देते, एवढेच. विवाहित स्त्रियांना दरमहा १,००० रुपये देणाऱ्या महतारी वंदन योजनेचे अर्ज भरताना याच स्त्रिया इतरांच्याच रांगेत उभ्या होत्या, हेही विसरू नये.

तिसरा परिणाम सर्वांत खोल आहे आणि तो श्रद्धेचा कमी, श्रद्धेमुळे येणाऱ्या असुरक्षिततेचा अधिक आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित त्याबाहेर राहतो. भिलाईला लागून असलेला अहिवारा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथे असा मनुष्य मत देऊ शकतो, उमेदवार होऊ शकत नाही. परिणामी कित्येक जण कागदावर हिंदू राहतात आणि रविवारी प्रार्थनेला जातात. आरक्षणाच्या लाभासाठी असे दुहेरी जगणे ही संविधानाची फसवणूक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू-पुद्दुचेरीकडील एका प्रकरणात म्हटले. कायदा म्हणून ते समजते. पण ज्याच्या मुलाची शिष्यवृत्ती आणि प्रार्थना एकाच दाखल्यावर अवलंबून आहेत, तो मनुष्य निवडणुकीत मोठ्याने बोलणार नाही. तो कोणत्याच पक्षाच्या सभेत ख्रिस्ती म्हणून उभा राहत नाही. मग त्याच्या मताचा अंदाज इतर लोक बांधतात.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथील श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातील सुमारे आठ जणांनी २०१६ पासूनच्या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. तेच बायबल, पुष्कळ अंशी तीच धर्मशिकवण मानणारे कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर राहिले. धर्मग्रंथ एक असूनही मते विरुद्ध पडतात, कारण समाजातील स्थान वेगळे असते. बहुसंख्याकाची श्रद्धा राज्याला आपले रूप देऊ पाहते. अल्पसंख्याकाची श्रद्धा राज्याने आपल्याला सुखाने जगू द्यावे एवढेच मागते.

आपल्याकडेही हेच दिसते. २००० मध्ये राज्य स्थापन झाले तेव्हा पहिले मुख्यमंत्री झालेले अजित जोगी ख्रिस्ती होते. दोन टक्क्यांच्या समाजाच्या बळावर कोणी मुख्यमंत्री होत नाही. उलट, मोठी ख्रिस्ती वस्ती असलेल्या जशपूर जिल्ह्यातील कुनकुरीतून २०२३ मध्ये भाजपचे विष्णुदेव साय निवडून आले आणि मुख्यमंत्री झाले. त्यांनी हरवलेले काँग्रेसचे आमदार ख्रिस्ती होते. पुढे २५ जुलै २०२५ रोजी, भिलाईला खेटून असलेल्या दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन ननना मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपावरून अटक झाली. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या आठवड्यात केरळमधील भाजप नेते या ननच्या बाजूने उभे राहिले, तर छत्तीसगढमधील त्याच पक्षाचे सरकार पोलीस कारवाईचे समर्थन करीत राहिले. केरळमध्ये ख्रिस्ती १८ टक्क्यांहून अधिक आहेत, येथे दोन टक्क्यांहून कमी. पक्षाच्या भूमिकेतील हा फरक धर्मशास्त्राने नव्हे, अंकगणिताने पडला.

कायद्याला धार्मिक दबावाची कल्पना पूर्वीपासून आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार मतदाराला दैवी कोपाची भीती घालणे हा गैरप्रकार आहे; नामधारी पंथाच्या गुरूने मतदानाविषयी काढलेल्या आदेशामुळे झालेली निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच दोषी ठरवली. मुंबईच्या सांताक्रूझमधील १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये मतदाराच्या धर्माच्या आधारे केलेले आवाहनही निषिद्ध ठरवले. एखादा पाद्री, महंत वा मौलवी असा हुकूम काढत असेल, तर हा कायदा त्याला लावावा. त्यासाठी एका अख्ख्या वस्तीवर शेरा मारण्याची गरज नाही.

माझ्या मते गरज आहे ती दुसऱ्या दोन गोष्टींची. पहिली, वस्तीच्या मताची गुप्तता. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. आता प्रत्येक मतदान यंत्राचा, म्हणजे प्रत्येक वस्तीचा कल प्रपत्र २० मध्ये जगजाहीर होतो. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला, तो अजून मान्य झालेला नाही. लहान समाजांसाठी ही तांत्रिक बाब नाही. कोणाला मत दिले यावरून उद्या नळ, रस्ता आणि पोलीस संरक्षण ठरणार असेल, तर मत स्वतंत्र राहत नाही. दुसरी गोष्ट चर्चसंस्थांकडून अपेक्षित आहे. मिझोराममध्ये चर्चच्या पाठबळाने उभा राहिलेला पीपल्स फोरम सर्व उमेदवारांना एका व्यासपीठावर आणतो आणि पैशाच्या वापरावर नजर ठेवतो. कोणाला मत द्यावे हे सांगत नाही. येथील मंडळींनी हा धडा घ्यावा.

प्रपत्र २० ने मला मात्र एक संधी दिली. १९९८ मध्ये माझे वाक्य तपासण्याचा मार्ग नव्हता. यंत्रे आल्यावर, निवृत्तीनंतर, मी त्या वस्तीच्या केंद्राचे आकडे काढून पाहिले. मते दोन्ही मोठ्या पक्षांत वाटलेली होती. त्या केंद्रावर इतरही लोक मतदान करतात, म्हणून हा पूर्ण पुरावा नव्हे. पण एका इशाऱ्यावर चालणाऱ्या वस्तीची खूण त्यात कोठेही नव्हती. ज्या साधनाने मला माझी चूक दाखवली, तेच साधन उद्या कोणाच्या तरी हाती हिशेब चुकता करण्यासाठी जाऊ शकते, म्हणून ते बंद व्हावे असे मी आज म्हणतो. माझे कुतूहल शमले नसते तरी चालले असते.

ती जुनी फाइल आता कोणत्या कपाटात आहे, मला ठाऊक नाही. ती हाती आली, तर मी तो शेरा खोडून त्याजागी इतकेच लिहीन : ‘या वस्तीत येणाऱ्या अधिकाऱ्याने येथील लोकांना स्वतः भेटावे.’