सुईचं वय दोरा सांगतो

राजापूरच्या खाडीच्या उत्तर तीरावर, यशवंतगडाच्या सावलीत नाटे आणि साखरी नाटे ही गावं. इथं फाटलं जाळं सांधणाऱ्याच्या हातात एक चपटी सुई असते. पुढचं टोक निमुळतं, पोटात जिभेसारखी काडी, मागे खाच. दोरा जिभेला अडकवायचा, खाचेतून फिरवून सुई भरायची आणि पट्टीवर फास घेत गाठी मारायच्या. युरोपात फिले लेस विणणाऱ्या बायकांच्या शिवणपेटीत सुई-पट्टीची अशीच जोडी सापडते. आधी गाठींची चौकोनी जाळी, मग निवडक डोळे दोऱ्याने भरून नक्षी. फेदेरिको व्हिंचोलोने अशा कामाच्या नमुन्यांचं पुस्तक पॅरिसमध्ये छापलं ते 1587 साली. म्हणून लेसची जुनी अवजारं जमवणाऱ्याने आधी कोळ्याची सुई हाती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

सुईचं वय ठरवताना पहिली चूक होते ती आकारावर विसंबल्याने. तेव्हाच्या फिनलंडमधल्या आंत्रेआ इथं 1913 साली विलोच्या सालीच्या दोऱ्यांचं, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचं जाळं सापडलं. तेही गाठी मारूनच विणलेलं आहे. गाठी मारण्याची रीतच इतकी जुनी, तर सुईच्या घडणीवरून शतक कसं ठरवणार? आकारावरून काम मात्र ओळखता येतं: दोन्ही टोकांना दुबेळकं असलेली बारीक पोलादी सुई नाजूक जाळीसाठी, जिभेची रुंद सुई जाड दोऱ्यासाठी.

साहित्य फक्त जुन्यात जुनी हद्द सांगतं. सेल्युलॉइड 1870 च्या आधीचं नसतं, बेकेलाइट 1907 च्या आधीचं नसतं. हाड आणि हस्तिदंत वेगळे ओळखता येतात: हाडात काळसर ठिपके वा रेघा दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषा. तापलेली सुई टोचून परीक्षा करू नये, वस्तू कायमची बिघडते. शिवाय हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे कायद्याने बंद आहे.

कोकणातल्या बांबूच्या, लाकडाच्या सुईवर मात्र कारखान्याचा छाप नसतो. तिथं दोऱ्याकडे वळावं लागतं. सुती आणि तागाची जाळी कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवत. तो तांबूस रंग खाचेत, जिभेच्या मुळाशी मुरलेला असेल, तर ती सुई सुती जाळ्यांच्या काळात चाललेली असण्याचा संभव मोठा. नायलॉन जगापुढे आलं 1938 साली. आपल्या किनाऱ्यावर ते स्वातंत्र्यानंतरच रुळलं, आणि त्याला काढा लागत नाही. बारीक, टणक नायलॉन दोरा अरुंद चर पाडतो, सूत लाकूड रुंद गुळगुळीत करतं. दोन्ही खुणा एकाच सुईवर मिळाल्या, तर ती दोन्ही काळ चालली. घडल्याचा काळ आणि शेवटच्या वापराचा काळ वेगळे लिहायला हवेत. बऱ्याच संग्रहांच्या नोंदीत एकच साल असतं, ते मला खटकतं.

पट्टी तर आणखी बोलकी. तिची रुंदी म्हणजे आसेची, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याची, एक बाजू; ताणलेली आस तिच्या दुप्पट. पंचवीस मिलिमीटरच्या पट्टीवर पन्नास मिलिमीटरची आस बनते, आणि बांगड्याच्या जाळ्याला साधारण तेवढीच लागते. पट्टी मोजली की मासा कळतो.

तुमच्या घरी माळ्यावर अशी सुई असेल, तर तिला तेल लावू नका, धुऊ नका. ती कोणाची, कोणत्या जाळ्याची, हे सांगणारं माणूस घरात असेल तोवर विचारून कागदावर लिहा आणि तो कागद सुईला बांधून ठेवा.