बेअरिंग कुठलं?

विनाशिकेचं कौतुक होतं ते तिच्या क्षेपणास्त्रांसाठी. ती समुद्रावर किती वर्षं टिकणार हे मात्र खाली इंजिनरूममध्ये ठरतं, झिजणाऱ्या सुट्या भागांवर. ‘आयएनएस राजपूत’पासून ‘सुरत’पर्यंतची भारतीय विनाशिकांची 45 वर्षं या बाजूनं चाळली, तर काळ्या समुद्राजवळचं एकच शहर पुन्हा पुन्हा वाटेत येतं. युक्रेनमधलं मिकोलायिव, म्हणजे सोव्हिएत काळातलं निकोलाएव.

‘राजपूत’ तिथंच बांधली गेली आणि 4 मे 1980 रोजी जॉर्जियातल्या पोती बंदरात आपल्या नौदलात आली. पहिले कप्तान गुलाब हिरानंदानी. नौदलाचा इतिहासही पुढे त्यांनीच लिहिला. पाठोपाठ तिच्या चार बहिणी आल्या. त्यांच्यात बॉयलर नव्हते, गॅस टर्बाइन होती. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि मधला गिअरबॉक्स ते पंख्याच्या शाफ्टला सोसतील इतके खाली आणतो. गिअरबॉक्समध्ये आणि शाफ्टखाली सहसा साधी बेअरिंग असतात, आतून पांढऱ्या धातूचं अस्तर दिलेली. कथिल, अँटिमनी आणि तांब्याचं हे मऊ मिश्रण स्वतः झिजतं, पण महागडा शाफ्ट वाचवतं. जुनं अस्तर खरवडून गोदीत नवं ओतता येतं. टर्बाइनच्या रोटरला तोलणाऱ्या रोलर-बेअरिंगांना ही सोय नाही. खराब झालं की काढायचं आणि नवं बसवायचं, तेही नेमकं त्याच मापाचं आणि त्याच पोलादाचं.

1991 पर्यंत मागणी मॉस्कोला जाई, हिशोब रुपयांत होई. सोव्हिएत संघ फुटला आणि एकाच जहाजाचे पुरवठादार वेगवेगळ्या देशांचे नागरिक झाले. पैसेही आता डॉलरमध्ये मोजायचे! मुंबईच्या माझगाव गोदीत तेव्हा ‘दिल्ली’ ही विनाशिका उभी राहत होती. तिचा कणा 1987 साली घातला, नौदलात आली ती 1997 साली. त्या रखडपट्टीत या फुटीचा वाटा मोठा होता.

त्यातून धडा घेतला, पण माझ्या मते अर्धाच. विशाखापट्टणमला ‘आयएनएस एकसिला’ हे टर्बाइन दुरुस्तीचं केंद्र उभं केलं, हे फार शहाणपणाचं. पण ‘कोलकाता’ आणि ‘विशाखापट्टणम’ वर्गाच्या विनाशिका माझगावातच घडवूनही टर्बाइन पुन्हा मिकोलायिवच्या झोर्या-माशप्रोयेक्त कंपनीचीच घेतली.

2014 साली युक्रेननं रशियाला टर्बाइन देणं थांबवलं आणि रशियाच्या फ्रिगेट इंजिनांविना अडकल्या. त्यातल्या दोन भारतानं 2018 साली घेतल्या. मग इंजिनं युक्रेनकडून आपण विकत घ्यायची आणि रशियन गोदीत बसवायला द्यायची, असा तिरपागडा व्यवहार झाला. त्यातली ‘तुशील’ 2024 च्या डिसेंबरात नौदलात आली. तोवर 2022 साली मिकोलायिववर रशियन तोफा-क्षेपणास्त्रांचा मारा होऊन गेला होता.

त्याच 2024 साली पुण्याच्या भारत फोर्जनं झोर्याच्या भारतातल्या कंपनीत 51 टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. ‘राजपूत’ला तिच्या शहराशी आलेलं हे नवं नातं पाहायला मिळालं नाही. 21 मे 2021 रोजीच तिच्यावरचा ध्वज विशाखापट्टणमला उतरवला होता.