गटसचिवाच्या पिशवीतली किर्द

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात कपाशी, तूर, सोयाबीनचा पेरा जवळ आला की शेतकऱ्याला दोन गोष्टींची वाट असते: पावसाची आणि पीककर्जाची. कर्जाची वाट गावच्या सेवा सहकारी सोसायटीतून जिल्हा बँकेकडे जाते आणि त्या वाटेवरचा कळीचा माणूस म्हणजे गटसचिव. एकाच सचिवाकडे अनेकदा दोन-चार गावं. त्यांच्या किर्दी, खतावण्या त्याच्या पिशवीत. सचिव रजेवर म्हणजे सोसायटीही रजेवर!

याची किंमत 2008च्या केंद्रीय कर्जमाफीनंतर कळली. विदर्भाचा राग पूर्ण माफीसाठीच्या दोन हेक्टरांच्या अटीवर होता, आणि तो रास्तच होता. पण 2013मध्ये ‘कॅग’च्या अहवालाने दुसरं दुखणं उघडं केलं. देशभरातली 90,576 खाती तपासली, त्यांतल्या 22.32 टक्क्यांत काही ना काही चूक निघाली. कर्जमाफी न मिळालेल्या 9,334 खात्यांपैकी 1,257 खाती प्रत्यक्षात पात्र होती.

2017मध्ये राज्याने कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन मागवले. अर्ज संगणकात, मूळ हिशेब मात्र बऱ्याच ठिकाणी वहीत. दोन्ही जुळवताना यंत्रणेला घाम फुटला.

29 जून 2022 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे गावोगावच्या अशा सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च 2,516 कोटी रुपये. अंमलबजावणीची धुरा नाबार्डकडे. याआधीही काही सोसायट्यांत संगणक आले होते, पण प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं आणि माहिती त्या एका डब्यात कोंडलेली. डबा बिघडला की हिशेब गेला. नव्या योजनेत एकच सामायिक क्लाउड सॉफ्टवेअर आहे, तेही स्थानिक भाषेत.

छोट्या सोसायटीला यातून काय मिळतं? सर्व्हर घ्यावा लागत नाही, बॅकअपची पेनड्राइव्ह सांभाळावी लागत नाही, व्याजाचा नियम बदलला तर दुरुस्ती एकाच जागी होते. परतफेडीची तारीख वेळेवर नोंदली जाणं तर सभासदाच्या थेट खिशाशी जोडलेलं आहे: डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मुदतीत फेड करणाऱ्यालाच मिळतो. शिवाय 2023च्या आदर्श उपविधींनी सोसायट्यांना पंचवीसहून अधिक व्यवसाय खुले केले. खत-बियाणं, गोदाम आणि कर्ज यांचा हिशेब एकत्र दिसला, तरच कोणता धंदा कोणाच्या जिवावर चाललाय हे संचालकांना कळेल. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा आहे.

अर्थात, सॉफ्टवेअर वसुली करत नाही. वर्ध्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार? नोव्हेंबर 2014मध्ये केंद्राने परवाना नसलेल्या 23 जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातल्या तीन होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. थकबाकीचं असं दुखणं पडद्यावर लवकर दिसेल, एवढंच.

खरी कसोटी जुन्या बाक्या भरताना लागते. सोसायटीची खतावणी आणि बँकेचा उतारा यांतली वर्षानुवर्षांची तफावत आधी मिटवावी लागते. त्याशिवाय नवा हिशेब सुरू करण्यात अर्थ नाही. त्यानंतर येतो रोजचा ‘डे-एंड’. पूर्वी किर्दीत चार ओळी कोऱ्या सोडून ‘मागाहून भरू’ म्हणता यायचं. आता आजचा दिवस मिटवूनच उद्याच्या तारखेकडे जायचं, मग त्या संध्याकाळी गावात रेंज असो वा नसो.