युफोनियम ऐकू येतोय का?

पनवेलच्या रस्त्यावर वरात निघाली की ब्रास बँडचा बेसूरपणा कुणाला टोचत नाही. ढोलाखाली सगळं खपतं. तोच आठ-दहा जणांचा संच वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाच्या रंगमंचावर बसवून पाहा. तिथे लपायला जागा नसते.

सूर जुळवायचा तो काळी पाचला. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाले ज्याला ‘सी’ म्हणतात, तो पेटीवर काळी पाच असतो; ऑल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ मात्र काळी दोन. नुसतं ‘सगळ्यांनी सी द्या’ म्हटलंत तर पहिल्याच मिनिटाला गोंधळ. सूर जुळवण्याआधी दहा मिनिटं वाजवू द्या. श्वासाने नळीतली हवा तापते, तापलेल्या हवेत ध्वनी वेगाने धावतो आणि सूर चढतो. एसीत जुळवलेलं वाद्य मे महिन्यात बाहेर काढलं की पुन्हा जुळवावंच लागतं.

आधी खालच्या सुरांच्या युफोनियमने सूर धरायचा, मग एकेकाने त्यात मिसळायचं. एकाचा सूर ४४० हर्ट्झ आणि दुसऱ्याचा ४४२ असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा डोलतो. ट्युनिंगची नळी थोडी ओढा. डोलणं मंदावलं तर दिशा बरोबर, वाढलं तर नळी आत ढकला.

आता समतोल. ट्रम्पेट तसाही सगळ्यांच्या वर ऐकू येतो, जोर लावायची गरजच नसते. वाजवताना युफोनियम ऐकू येईनासा झाला, तर आपण जास्त फुंकतोय असं समजावं. शिवाय क्लॅरिनेट जोरात फुंकली की तिचा सूर उतरतो, बासरीचा चढतो. म्हणजे आवाज वाढवला की जुळलेला सूरही फाटतो. माझ्या मते तालमीचा निम्मा वेळ हळू वाजवण्यातच जावा.

सा-ग-प एकत्र धरलं की गंधाराकडे कान द्या. पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). गंधार धरणाऱ्याने तो किंचित उतरवला की सगळा आवाज एकजीव होतो. मोबाइलवरचा ट्यूनर तेव्हा चूक दाखवील, दाखवू दे.

ट्रम्पेटच्या खालच्या ‘सी’शेजारचा ‘डी’ पहिला आणि तिसरा पिस्टन मिळून दाबल्यावर येतो, तोही चढाच. प्रत्येक पिस्टनची जादा नळी एकट्याच्या हिशोबाने कापलेली असते. दोन्ही दाबल्यावर एकूण लांबी थोडी अपुरी पडते. तिसऱ्या नळीला कडी असते ती याचसाठी. तिच्यात बोट घालून तेवढ्या सुरापुरती नळी बाहेर सरकवायची.