पडीक भूखंडाची साफसफाई आणि द्रव्यसंग्रह

शहरालगतच्या गावांत घर, त्यास जोडून चिकित्सालय आणि जमल्यास मागील बाजूस छोटी औषधनिर्माणशाळा, अशी बांधणी आपल्या अनेक व्यवसायबंधूंनी केली आहे व करीत आहेत. त्यासाठी घेतलेला दोन-चार गुंठ्यांचा भूखंड बहुधा पाच-दहा वर्षे पडीक राहिलेला असतो. कुंपणावर घाणेरी व गुळवेल, मध्ये कमरेइतके गवत, कडेला बाभूळ, निंब किंवा सुबाभूळ असे त्याचे रूप असते. मुहूर्त ठरला की ठेकेदार जेसीबी लावतो आणि दोन तासांत जागा मोकळी होते. या दोन तासांत वैद्याचे काय जाते आणि कामाचा क्रम बदलल्यास ते कसे राखता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहोत. हे विवेचन दख्खनच्या पठारावरील जागांना धरून आहे. कोकणातील जांभ्याच्या जमिनीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

द्रव्यसंग्रहाचे काळ वाचकांस परिचित आहेतच. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात कोवळ्या शाखा व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात आणि सार हेमंतात घ्यावे असे सांगितले आहे. आपल्याकडे पाया खणण्याचे काम सामान्यतः दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. म्हणजे मुळे काढण्याचा शास्त्रोक्त काळ आणि ठेकेदाराचा काळ एकच ठरतो. अडचण एवढीच की तोपर्यंत जमिनीवरील भाग वाळून गेलेला असतो आणि हाती आलेले मूळ कोणाचे, हे सांगता येत नाही. यास्तव आमचे आग्रहाचे सांगणे असे की बांधकाम ज्या हिवाळ्यात करावयाचे, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात भूखंड पायाखाली घालावा. आषाढात एकदा, भाद्रपदात एकदा. ओळख पटलेल्या वनस्पतीजवळ खुंटी ठोकून तिला क्रमांक द्यावा आणि तो वहीत नोंदवावा. यंत्र नंतर येऊ द्यावे.

या खटाटोपाचे मोल पुनर्नव्याच्या उदाहरणाने ध्यानात येईल. बाजारात पुनर्नवामूळ म्हणून मिळणाऱ्या मालात वसूची भेसळ नित्याची आहे. दोन्ही वनस्पती एकाच पडीक जमिनीत शेजारी शेजारी वाढतात आणि मजूर दोन्ही एकाच पोत्यात भरतात. रक्तपुनर्नवा म्हणजे बोऱ्हाविया डिफ्यूजा. हिची समोरासमोरची पाने आकाराने असमान, खालून फिकट असतात. बारीक गुलाबी फुले झुबक्यांनी येतात आणि चिकट फळे चालताना धोतरास वा विजारीस लागतात. वसू म्हणजे ट्रायान्थेमा पोर्तुलाकास्ट्रम. तिची पाने मांसल असून फूल एकटे, पानाच्या बेचक्यात अर्धे दडलेले असते आणि फळ झाकण उघडावे तसे उघडते. पावसाळ्यात हा भेद विद्यार्थ्यासही दिसतो. पोत्यातील वाळलेल्या तुकड्यांत तो अनुभवी माणसालाही सहज सापडत नाही. स्वतःच्या जागेतील, खुंटी ठोकून ओळखलेल्या वनस्पतीचे मूळ पाया खणताना जपून काढले, तर फार्मसीकडे तुलनेसाठी एक निःसंदिग्ध नमुना कायमचा राहतो. दोन गुंठ्यांतून पुनर्नवा मंडुराचा एक घाणाही निघणार नाही, हे आम्ही जाणतो. येथे प्रयोजन नमुन्याचे आहे. इसवी सन २००० मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील परिशिष्ट ‘टी’ लागू झाल्यापासून कच्च्या मालाची तपासणी व नोंद उत्पादकावर बंधनकारकच आहे. ती तपासणी कशाशी ताडून करावयाची हा प्रश्न मात्र अनेक छोट्या फार्मसींत अनुत्तरित असतो.

गुळवेलीचे महत्त्व तर अलीकडे अधिकच वाढले आहे. २०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांत गुळवेल सेवनानंतर यकृतविकार आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, तेव्हा आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश जातीशी गल्लत झाली असण्याची शक्यता मांडली होती. क्रिस्पाच्या खोडावर दाट गाठीसारखे उंचवटे असतात. पद्मगुडूचीची कोवळी पाने खालून लवदार असतात. आपल्या कुंपणावरील वेल यांपैकी कोणती, हे तोडण्यापूर्वीच पाहावे. कुंपण पाडणे भागच असेल तर खरी गुळवेल ओळखून तिची वीतभर कांडी निंबाच्या बुंध्याशी लावावी. जगविण्यास फारसे श्रम लागत नाहीत.

चिकणा, पेटारी, भुईरिंगणी, भुईआवळा, आघाडा यांविषयी विस्तार करीत नाही. ओलसर कोपऱ्यातील माका घेताना तेवढी एकदांडी वगळावी, कारण तीही त्याच मजुराच्या त्याच पोत्यात जाते.

आता निषेधपक्ष. सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात बिळे, वारुळे, स्मशान, वाळू व खडे यांनी युक्त भूमी द्रव्यसंग्रहास त्याज्य सांगितली आहे. आजच्या भूखंडाबाबत या यादीत बांधकामाचा राडारोडा, हमरस्त्याची कड आणि तणनाशकाची फवारणी यांची भर घालणे आवश्यक आहे. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा कच्च्या वनस्पतीसही लागू आहेत, आणि रस्त्याकडेचे मूळ त्यात बसेलच याचा भरवसा नाही. शेजाऱ्याने वा पूर्वीच्या मालकाने काय फवारले होते हे विचारून घ्यावे. संशय असल्यास नमुना ओळखीपुरता ठेवावा, रोग्यास देऊ नये.

गाजरगवताचा मात्र खुंटी ठोकण्याशी संबंध नाही. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण पहिल्या पावसानंतर उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलते. त्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. फुलावर आल्यावर कापणे म्हणजे हजारो बिया अंगणात पेरणे होय. ज्यांना त्वग्विकार वा श्वासाचा त्रास आहे, त्यांना या कामावर ठेवू नये. टाकळा मात्र राहू द्यावा. तो दाटला की गाजरगवत मागे हटते, आणि दद्रूच्या रोग्यांसाठी बीजही मिळते.

मजुरांची काळजी हा ठेकेदाराचा विषय मानला जातो. जागा वैद्याची असताना ते शोभत नाही. रुई तोडताना चीक डोळ्यात उडण्याचे प्रसंग घडतात. यात वेदना अल्प आणि दृष्टी धूसर अशी फसवी अवस्था असते, त्यामुळे मजूर बोलत नाही. डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन त्यास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. कुंपणात खाजकुइरी असेल तर शेंगा वाळण्यापूर्वी पाणी शिंपडून काढाव्यात, जाळू नयेत. अंगावर लव लागल्यास न चोळता कणकेच्या गोळ्याने टिपून घ्यावी. दाट गवतात घोणस आणि दगडांखाली फुरसे असू शकते, म्हणून आधी काठीने गवत हलवून, गमबूट घालून आत शिरावे. दंश झाल्यास बांधणे, चिरणे, लेप यांत क्षणही न दवडता अवयव स्थिर ठेवून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुंजेचे वेल काढताना बिया मोजून उचलाव्यात, मजुरांची मुले जवळच खेळत असतात.

वृक्षांच्या बाबतीत घाई महागात पडते. खासगी जागेतीलही हिरडा, खैर, चंदन, चिंच, जांभूळ आदी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या सूचीत आहेत, आणि नागरी हद्दीत १९७५ च्या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. घराचा नकाशा काढण्यापूर्वीच झाडांच्या जागा वास्तुविशारदास दाखविल्या तर बहुतेक झाडे वाचतात, असा आमचा अनुभव आहे.

पाया खणताना वरची अर्धा फूट माती वेगळी रचण्यास सांगावे. तीत नागरमोथ्याचे कंद असतात. यंत्राने ते तुटून सर्वत्र पसरले की पुढे बागेत वर्षानुवर्षे उपद्रव होतो. चाळून काढले तर मुस्ता घरचीच. काढलेली मुळे धुऊन, तुकडे करून सावलीत वाळवावीत आणि पिशवीवर खुंटीचा क्रमांक व तिथी लिहावी. ओली वापरावयाची असल्यास शार्ङ्गधरोक्त नियमाने दुप्पट घ्यावीत. गुळवेल, अडुळसा व शतावरी यांना हा नियम नाही. ती ओलीच, सांगितल्या मानाने घ्यावीत.