सेकंडहँड सबवूफर: दोष पेटीत की खोलीत?

नाशिकमध्ये भाड्याच्या खोलीसाठी जुने स्पीकर बघताय? आधी जाळी काढा. वूफरच्या पडद्याभोवतीची फोमची कड 10-15 वर्षांत भुसभुशीत होते. बोट लावून बघा. मग स्पीकर बंद ठेवून पडदा सगळीकडून सारखा दाबत हलकेच आत ढकला. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय. सोडून द्या.

घरी आणल्यावर बास घुमतो किंवा गायबच होतो? लगेच सबवूफरला नावं ठेवू नका. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 345 मीटर. खोली 12 फूट, म्हणजे 3.66 मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन 7.32 मीटर. भागाकार करा: 47 हर्ट्झ. या वारंवारतेला आवाज समोरासमोरच्या भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. दोष खोलीचा!

उपाय सोपा आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एकच गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. बास जिथे सगळ्यात समतोल, तिथे सबवूफर ठेवा. जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो. मग आवाज, फेज जुळवा, पण एका वेळी एकच बटण.

प्रयोगशाळेतही हेच. उपकरण बिघडलंय असं लिहिण्याआधी त्याची जागा बदलून पुन्हा रीडिंग घ्या.