आयटीआयनंतर पुढे काय?

दिल्लीच्या दक्षिणेला फरीदाबाद आणि त्याला लागून बल्लभगड. एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर, जेसीबीची यंत्रं, गुडइयरचे टायर इथलेच. एवढे कारखाने दाराशी असताना फिटर किंवा वेल्डर झालेल्या मुलाला काम शोधावं का लागावं? कारण कारखान्याचं गेट आणि आयटीआयचा वर्ग यांच्यामध्ये कुणीतरी दुवा लागतो. तो दुवा म्हणजे संस्थेतला प्लेसमेंट सेल. कंपन्यांना भरतीसाठी बोलावणं, अर्ज लिहून घेणं, मुलाखतीचा सराव ही त्याची नेहमीची कामं.

पण माझ्या मते खरी किल्ली आहे शिकाऊ उमेदवारी. 1961च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे 30 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्यांना दरमहा विद्यावेतन मिळतं. 2016च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार उचलतं. नोंदणी, करार सगळं पोर्टलवर होतं, आणि घरात पहिल्यांदाच शिकणारा मुलगा इथेच अडखळतो. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग जुळलं नाही की अर्ज अडकलाच! चांगला सेल हे आधीच तपासून घेतो.

एक गोष्ट मात्र मुलांना स्पष्ट सांगायला हवी: उमेदवारी संपली म्हणून त्याच कंपनीत नोकरी मिळेलच, असं कायदा म्हणत नाही. म्हणून शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात घ्यायचं. दुसऱ्या गेटवर तेच दाखवता येतं.